जुन्या स्किड स्टीअर लोडरमधील अधूनमधून उद्भवणारे विद्युतदोष: कारणे, शोध आणि दक्षता

गोव्यातील कित्येक घरांच्या ओसरीवर आणि स्वयंपाकघरांत दिसणारी करड्या रंगाची शहाबादी फरशी ज्या गावाचे नाव सांगते, ते शहाबाद कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. शहाबाद, चितापूर व सेडम या भागांतील चुनखडक, वाडी व मालखेड येथील सिमेंट कारखाने, आळंद, भालकी व हुमनाबाद तालुक्यांतील साखर उद्योग आणि बिदरच्या पठारावरील जांभा दगड यांमुळे या सीमावर्ती टापूत माल उचलणे, ओढणे व भरणे हे काम वर्षभर चालते. मोठा लोडर जेथे वळू शकत नाही अशा अरुंद जागेत हे काम स्किड स्टीअर लोडर करतो. अनेक ठिकाणी एका उत्पादनाच्या नावावरून त्याला सरसकट ‘बॉबकॅट’ असेच म्हटले जाते.

हे यंत्र जुने झाले की इंजिन आणि हायड्रॉलिक पंप यांच्याइतकाच, किंबहुना अधिक, त्याचा विद्युत भाग मालकाला सतावू लागतो. यंत्र सकाळी सुरळीत चालते, दुपारी एकाएकी बंद पडते आणि कारागीर येईपर्यंत पुन्हा सुरू होते. दोष असतो तेव्हा तपासणारा नसतो आणि तपासणारा येतो तेव्हा दोष नसतो. अशा वेळी दोन चुका वारंवार होतात. अंदाजाने एकामागून एक सुटे भाग बदलले जातात, किंवा अडवणूक करणारी सुरक्षा-कळ ‘डायरेक्ट’ केली जाते. पहिल्या चुकीत पैसा जातो. दुसरीत माणसाचा जीव जाऊ शकतो. या दोन्ही चुका टाळून दोष मोजमापाने कसा शोधावा, याचे विवेचन येथे केले आहे.

यंत्राची घडण

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रॉथसे या गावी लुई व सिरिल केलर या बंधूंनी १९५७ साली एका टर्की-पालकासाठी तीन चाकांचा छोटा लोडर बनविला. पक्ष्यांच्या दुमजली गोठ्यात खांबांच्या मधून फिरून साफसफाई करता यावी, हा त्याचा हेतू होता. मेलरो कंपनीने १९५८ मध्ये त्याचे हक्क घेतले, १९६० च्या सुमारास चारही चाकांना गती देणारे रूप आले आणि १९६२ पासून ‘बॉबकॅट’ हे नाव रूढ झाले.

या यंत्राची पुढची चाके मोटारीप्रमाणे वळत नाहीत. डाव्या व उजव्या बाजूच्या चाकांना वेगवेगळी गती देऊन, चाके घसरवत ते जागच्या जागी वळते. आस चौकटीला थेट जोडलेले असतात. पाटे वा स्प्रिंगा नसल्याने प्रत्येक खड्ड्याचा आणि प्रत्येक घसरणीचा हादरा थेट चौकटीत व तिच्यावर बसविलेल्या वायरिंगमध्ये उतरतो. दुरुस्तीसाठी चालकाची केबिन मागे कलते, त्यामुळे बिजागरीपाशी तारांचा जुडगा दर वेळी वाकतो. उचल-बाहू केबिनच्या दोन्ही बाजूंनी पुढे येतात आणि चालकाला बकेटवरून, या बाहूंच्या मधूनच आत शिरावे लागते. ही शेवटची बाब सुरक्षेच्या दृष्टीने विशेष ध्यानात ठेवावी.

यंत्राचा विद्युतप्रवाह सामान्यतः १२ व्होल्टचा असतो. बॅटरी, इंजिन फिरविणारा ‘सेल्फ’, बॅटरी भरणारा अल्टरनेटर, डिझेलचा पुरवठा उघडणारा व बंद करणारा सोलेनॉइड, आसनाची व सुरक्षा-दांडीची कळ, बाहू आणि चाके रोखणारे सोलेनॉइड, फ्यूज, रिले आणि या सर्वांना जोडणारे कपलर हे त्याचे मुख्य घटक होत. नव्या घडणीच्या यंत्रांत यांच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक नियंत्रकही असतो.

दोष अधूनमधूनच का येतो

तार पूर्ण तुटली तर दोष कायमचा असतो आणि तो लवकर सापडतो. अधूनमधून येणारा दोष म्हणजे अर्धवट राहिलेला जोड. तारेतील बहुतेक धागे तुटून एक-दोन उरलेले असतात, कपलरची पकड सैल झालेली असते, थिंबलखाली गंज चढलेला असतो किंवा आवरण घासून तांबे मधूनच चौकटीला शिवत असते. अशा जोडाची अवस्था तीन गोष्टींनी बदलते: हादरा, उष्णता आणि ओल. दोष यांपैकी कशाबरोबर येतो हे कळले की निम्मा शोध लागला असे समजावे.

उष्णतेचा परिणाम आकड्यांत मांडता येतो. तांब्याचा विद्युतरोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. सोलेनॉइडचे वेटोळे ३० अंशांवरून ९० अंशांवर गेले तर त्याचा रोध सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो आणि त्यातून वाहणारा प्रवाह जवळजवळ पाचव्या हिश्श्याने घटतो. सकाळी कमकुवत जोडावरही तग धरणारा सोलेनॉइड दुपारी पकड सोडतो, तो यामुळे. तासभर यंत्र उभे राहिले की तो निवतो आणि दोष नाहीसा झाल्याचा भास होतो.

प्रदेशाचा प्रभाव

कलबुर्गीत एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि बंदिस्त इंजिनकक्षातील तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. चुनखडकाची व सिमेंटची बारीक धूळ कपलरमध्ये शिरते आणि पहिल्या पावसात ओल धरून घट्ट बसते. बिदरकडील जांभ्याची तांबडी धूळही अशीच ओल धरते. साखर कारखान्यांच्या आवारात उसाचा बगॅस हा वेगळा धोका आहे. त्याचे हलके तंतू इंजिनकक्षात, बॅटरीभोवती आणि तारांच्या जुडग्यावर साचतात. घासलेल्या तारेची एक ठिणगी त्यांना पेटविण्यास पुरेशी असते. म्हणून गळीत हंगामात रोज पाळी संपताना कोरड्या हवेच्या झोताने इंजिनकक्ष साफ करणे हा विद्युतदोषावरील आणि आगीवरील पहिला उपाय होय.

गोव्यात हेच यंत्र वापरणाऱ्यांनी कारणांचा क्रम थोडा बदलून पाहावा. येथे धुळीपेक्षा खारा, दमट वारा अधिक घातक ठरतो. तांब्याच्या धाग्यांवर हिरवट कळंक चढतो आणि तो आवरणाच्या आत दूरवर पसरतो. तार बाहेरून सुस्थितीत दिसते, मात्र सोलल्यावर आतून काळी पडलेली आढळते.

तपासणीपूर्वी

बाहू जमिनीवर टेकवावेत, चावी काढावी, चाकांना अटकाव लावावा. केबिन कलती करावयाची असून बाहू वर ठेवणे अपरिहार्य असेल, तर उत्पादकाने दिलेला लोखंडी आधार बसविल्याखेरीज कोणीही बाहूंखाली जाऊ नये. तारा सोडण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक आधी काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक काढून ‘अल्टरनेटर चालतो का’ हे पाहण्याची सवय घातक आहे. त्यावेळी उसळणाऱ्या दाबाने नियंत्रक आणि अल्टरनेटरमधील डायोड जळू शकतात.

त्यानंतर चालकाला शांतपणे विचारावे. यंत्र गरम असताना बंद पडते की थंड असताना? वळताना, बाहू उचलताना की खड्ड्यात आदळल्यावर? दिवे आधी मंद होतात का? सगळे एकदम जाते की एकच गोष्ट बंद पडते? या प्रदेशात हे संभाषण वाटते तितके सोपे नसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मराठी प्रदेशाला जोडले गेले, तर भालकी, औराद व बसवकल्याण हे मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेले तालुके तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिले. परिणामी आजही चालक मराठी बोलणारा, कारागीर कन्नड वा दखनी बोलणारा आणि यंत्राची पुस्तिका इंग्रजीत, असा प्रसंग सहज उद्भवतो. ‘गाडी बंद पडली’ या तीन शब्दांत इंजिन थांबणे, चाके अडणे आणि सेल्फ न लागणे हे तीनही अर्थ मावतात. म्हणून नेमके काय थांबले, हे चालकाने यंत्रावर हात ठेवून दाखवावे.

लक्षणावरून दोषाचा मार्ग

पटल, दिवे व इंजिन सारे एकदम गेले, तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या मार्गात असतो. बॅटरीची टोके, मुख्य अर्थ-केबल, मुख्य फ्यूज आणि चावीकडे जाणारी तार प्रथम पाहावी.

इंजिन थांबले आणि पटल उजळलेलेच राहिले, तर डिझेल सोलेनॉइड, त्याचा रिले आणि त्याच्या तारा तपासाव्यात. मात्र डिझेलमध्ये हवा शिरणे किंवा गाळणी तुंबणे यानेही हेच लक्षण दिसते. सोलेनॉइडला दाब मिळत असून इंजिन थांबत असेल, तर दोष विजेचा नसून इंधनाचा असण्याची शक्यता अधिक.

इंजिन चालू असून बाहू किंवा चाके अडली, तर सुरक्षा-दांडीची व आसनाची कळ, तिचा कपलर आणि रोधक सोलेनॉइड यांच्याकडे वळावे.

सेल्फ न फिरता नुसती ‘टक’ ऐकू आली, तर बॅटरी, जाड केबली आणि सेल्फवरील सोलेनॉइड यांचा विचार करावा.

एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी एकाच वेळी विचित्र वागू लागल्या, म्हणजे दिवा लावला की काटा हलतो किंवा भोंगा वाजविला की पटल मंद होते, तर अर्थ सदोष आहे असे प्रथम मानावे. परतीचा सरळ मार्ग न मिळाल्याने प्रवाह अन्य उपकरणांतून वाट काढत असतो.

मोजमाप

प्रारंभ बॅटरीपासून करावा. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास विसावल्यानंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असताना टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावेत. सेल्फ फिरत असताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. टोकांवरील पांढरी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, टोके घासून घट्ट करावीत आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी.

दुसरी पायरी अर्थची. बॅटरीच्या ऋण टोकाकडे प्रवाह परत नेणाऱ्या मार्गाला कारागीर ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. इंजिन रबरी पायांवर बसलेले असते. केबिनही रबरी आधारांवर व बिजागरीवर असते. म्हणून बॅटरी ते चौकट, इंजिन ते चौकट आणि केबिन ते चौकट असे अर्थचे जोड स्वतंत्रपणे पाहावे लागतात. थिंबलखालील रंग व गंज घासून धातू उघडा करावा, बोल्ट आवळावा आणि मग वरून संरक्षक लेप द्यावा.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आणि बहुधा वगळली जाणारी. जोडाची परीक्षा ओहममध्ये न करता, त्यातून प्रवाह वाहत असताना व्होल्टमध्ये करावी. सेल्फ २०० अँपिअर घेत असेल आणि त्याच्या मार्गात केवळ ०.०१ ओहमचा रोध असेल, तरी २ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. साधा मल्टिमीटर एवढा सूक्ष्म रोध दाखवू शकत नाही. त्याच्या स्वतःच्या तारांचा रोधही याहून जास्त असतो. त्याचप्रमाणे एकाच धाग्यावर टिकलेली तार मीटरवर निर्दोष दिसते, प्रत्यक्ष भार येताच मात्र कोलमडते.

यासाठी मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरावे व सेल्फ फिरवावा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असावा. बॅटरीच्या धन खांबापासून सेल्फच्या जाड टोकापर्यंत याच रीतीने ०.५ व्होल्टच्या आत उतार असावा. लहान परिपथातील एखाद्या कपलरवर ०.१ व्होल्टहून अधिक उतार दिसला तर तो संशयास्पद मानावा. बारीक तारांवर भार देण्यासाठी ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब उपयोगी पडतो. तो सुमारे साडेचार अँपिअर घेतो. मात्र तो नियंत्रकाच्या किंवा सेन्सरच्या तारांवर लावू नये, आणि ज्या तारेचा फ्यूज तेवढा प्रवाह पेलतो तेथेच लावावा.

हलवून आणि तापवून पाहणे

दोष तपासणीच्या वेळी दिसत नसेल तर त्याला समोर आणावे लागते. संशयित परिपथावर तपासणी-दिवा किंवा मीटर जोडून ठेवावे आणि तारांचा जुडगा वीतभर अंतराने हलवीत जावे. केबिनची बिजागरी, इंजिनकक्षाच्या पत्र्यातील भोके, एक्झॉस्टजवळील वळणे आणि पट्ट्या सुटलेल्या जागा येथे विशेष लक्ष द्यावे. उंदरांनी कुरतडलेली तार पुष्कळदा आसनाखाली किंवा बॅटरीच्या मागे सापडते. उष्णतेने येणाऱ्या दोषासाठी केस वाळविण्याच्या यंत्राने एकेक रिले व सोलेनॉइड स्वतंत्रपणे तापवावा. ओलीने येणाऱ्या दोषासाठी कपलरवर पाण्याचा हलका फवारा मारावा. दाबाच्या पाण्याने इंजिनकक्ष धुणे मात्र टाळावे. कित्येक दोषांचा जन्मच अशा धुण्यातून होतो.

एक उदाहरण

समजा, फरशीच्या खाणीतील लोडर रोज दुपारी दोनच्या सुमारास बंद पडतो. पटल उजळलेले असते, इंजिन तेवढे थांबते. पाऊण तासाने ते पुन्हा लागते. नवा डिझेल सोलेनॉइड बसविला तरी दोष कायम राहतो. आता सोलेनॉइडच्या तारेला मीटर जोडून लांब तारेने ते केबिनमध्ये आणले आणि यंत्र नेहमीचे काम करू दिले. सकाळी मीटर १३.९ व्होल्ट दाखविते, दुपारी १०.५ वर घसरते आणि इंजिन थांबते. बॅटरीवर मात्र १४ व्होल्ट कायम आहेत. म्हणजे साडेतीन व्होल्ट वाटेत हरवतात. मार्गावर एकेका जोडाचा उतार मोजत गेले असता रिलेच्या बैठकीत, सैल होऊन काळवंडलेल्या एका पात्यावर तो सापडतो. दोष काही रुपयांच्या पात्यात होता. बदलला गेला तो सोलेनॉइड निर्दोष होता.

दुरुस्ती कशी असावी

तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे, ती पुढच्या दोषाची तयारी होय. योग्य मापाचा क्रिंप-जोड आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी वापरावी. तारेची जाडी मूळ तारेइतकीच ठेवावी. जुडग्याला नळीचे आवरण व पट्ट्यांचा आधार द्यावा, मात्र बिजागरीपाशी थोडा ढिलेपणा राखावा. फ्यूज वारंवार उडत असेल तर अधिक अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावू नये. तसे केल्यास फ्यूजऐवजी वायरिंग जळते. बकेटचे वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी व नियंत्रक यांचे जोड सोडावेत आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या जागेलगतच लावावा.

सुरक्षा-कळ ‘डायरेक्ट’ करू नये

खरा कसोटीचा प्रसंग येथे येतो. मालमोटारी रांगेत उभ्या असतात, यंत्राचे भाडे तासावर असते, आणि सुरक्षा-दांडीचा कपलर अधूनमधून दगा देत बाहू अडवीत असतो. दोन तारा जोडून कळ डायरेक्ट करावयास पाच मिनिटेही लागत नाहीत. यंत्र लगेच चालू लागते आणि कारागिराची वाहवा होते.

त्या क्षणापासून मात्र यंत्राला चालक आसनावर आहे की नाही, हे कळत नाही. चालक बकेटवरून उतरताना त्याचा पाय किंवा कपडा नियंत्रणात अडकला, तर बाहू खाली येतात आणि तो बाहू व चौकट यांच्यात सापडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये स्किड स्टीअर लोडरवरील मृत्यूंविषयी स्वतंत्र इशारा प्रसिद्ध केला. उचललेल्या बाहूंखाली जाणे आणि सुरक्षा-योजना निकामी करणे टाळावे, हा त्यातील मुख्य उपदेश होता.

सुरक्षा-कळीचा दोष हा इतर दोषांसारखाच आहे. तिचा कपलर, तिची तार, तिचा अर्थ आणि चुंबक असल्यास त्याचे अंतर, यांची वरील रीतीनेच तपासणी करावी. दुरुस्ती होईपर्यंत यंत्र उभे ठेवावे. दुरुस्तीनंतर बाहू जमिनीवर टेकलेले आणि इंजिन संथ गतीवर असताना आसनावर बसूनच दांडी उचलावी व बाहू हलत नाहीत याची खात्री करावी. दांडी खाली घेतल्यावरच ते हलले पाहिजेत. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत याहून वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा. जुने यंत्र विकत घेतानाही हीच परीक्षा सर्वप्रथम करावी, कारण आधीच्या मालकाने कळ डायरेक्ट केलेली असल्यास ते अन्यथा लक्षात येत नाही.

नोंदवही

यंत्राच्या केबिनमध्ये एक छोटी वही ठेवावी. दोष आला ती वेळ, हवा कशी होती, यंत्र काय करीत होते, काय थांबले, किती वेळाने सुरू झाले आणि काय बदलले, एवढे सहा तपशील मराठीत, कन्नडात किंवा येईल त्या भाषेत लिहावेत. दोन-तीन आठवड्यांत त्या नोंदींतून उष्णता, हादरा वा ओल यांपैकी एकीचा माग दिसू लागतो. ज्या तारांची दुरुस्ती झाली त्यांचे रंग व जागाही नोंदवाव्यात. पुढचा कारागीर कोणत्याही भाषेचा असला तरी रंग आणि व्होल्टचे आकडे त्याला वाचता येतात.

जुने यंत्र लहरी असते असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः प्रत्येक दोषाला एक जागा असते आणि त्या जागी मोजता येण्याजोगा उतार असतो. तो सापडेपर्यंत सुटे भाग बदलू नयेत, आणि तो सापडला नाही म्हणून माणसाला जपणारी कळ तर कधीच तोडू नये.